पाणी जोखताना

लोक माझ्याकडे पाणी घेऊन येतात.
जॅमच्या बरणीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत,
एक बाई तर बाळाच्या दुधाच्या बाटलीत.
पोर्ट अल्बर्नीच्या या टोकाला
गरम टबांचं सामान विकणारं दुकान एकच,
आणि गल्ल्यामागे मी, ब्रिन,
थेंब मोजणारी.

वासिल आला नोव्हेंबरात.
काकडीच्या लोणच्याची बरणी, धुतलेली,
तरी शेपूचा वास तिनं सोडला नव्हता.
"फेस हटत नाही," म्हणाला, "आणि पाणी हिरवट दिसतं.
ओरिसियाच्या गुडघ्यांसाठी घेतला टब.
आता ती म्हणते, या डबक्यात मी पाय घालणार नाही."

नळीत पाणी. पाण्यात रंग, गुलाबी.
मग थेंब. एक.
दोन.
निळं.
एका थेंबाला दहा धरायचे. म्हणजे वीस.
हवं दीडशेच्या पुढं.

"तुमचं पाणी उपाशी आहे," मी म्हटलं,
"त्याला चुना हवा. तुम्ही नाही दिलात
तर मिळेल ते कुरतडतं. आता हीटर कुरतडतंय.
हिरवं दिसतं ते तांबं."

आधी तो गप्प राहिला.
मग इतका हसला की मागची रांगही हसली,
कशाला ते माहीत नसताना.

सस्कॅचेवानात, कनोराजवळ, त्याची विहीर होती.
पाणी असं की चावून प्यावं.
साबण घासा, घासत बसा, फेस नाही, नुसता साका.
नळाच्या तोंडाशी, गुरांच्या हौदात, बंबाच्या पोटात
पांढरा थर,
आणि चाळीस वर्षं हा माणूस
व्हिनेगर आणि बोथट सुरी घेऊन त्याच्या मागे.
"आणि आता तोच मी विकत घ्यायचा? किलोवर?"

किलोवरच.

मी समजावलं. आधी सोडा.
एक दिवस जाऊ द्या. मग कॅल्शियम,
तेही बादलीत विरघळवून, बादली आपोआप तापेल, दचकू नका,
पंप चालू ठेवून, धार धरून, सावकाश.
तीनशे ग्रॅम, दोन वेळा मिळून.
तो मान हलवत होता. मान हलवणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

गुरुवारी बरणीत दूध आलं.
पाणीच ते, पण तळ दिसेना.
सोडा आणि कॅल्शियम एकाच संध्याकाळी,
अख्खा डबा, वर अर्धा आणखी.
"उपाशी होतं ना," म्हणाला.
अठ्ठेचाळीस थेंब टाकले मी. मनगट भरून आलं.

"कमी करायची पूड असेलच की."
नाही.
वाढवायला डबे आहेत, उतरवायला नाहीत.
अर्ध्याहून जास्त टब उपसा, नळाचं कोरं पाणी भरा.
"म्हणजे ते उपाशीच."
ते उपाशीच.

डिसेंबरात ओरिसिया एकटी आली, काठी टेकत.
बरणी नव्हती. "टब ठीक आहे," म्हणाली,
"सोळा थेंब. मी मोजते हल्ली,
त्याला गुलाबी कुठं संपतो ते दिसत नाही,
आणि दिसत नाही हे कबूल करत नाही."
मग पिशवीतून किटली काढली. झाकण उघडलं.

आत पांढरा थर, जाड, पण जागोजागी
खालचं स्टील उघडं पडलेलं,
बर्फ वितळू लागल्यावर अंगण दिसतं तसं.

"हिला कधी त्याच्या सुरीचा हात लागू दिला नाही.
हा कनोराचा आहे. इथं आल्यापासून झिजतोय.
खातंय ना इथलं पाणी?"
मी मान हलवली.
"मग तुमची ती पूड, चिमूटभर, हिच्यात..."
नको, म्हटलं. ती टबाची. चहाची नव्हे.

तिनं झाकण लावलं. बोटानं एकदा दाबून पाहिलं.
माझ्यामागच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिली जरा वेळ.

"राहू दे मग," म्हणाली,
"खातंय ते जातंय कुठं, चहातच उतरतंय.
आम्हीच पितोय विहीर,
उरलीय तेवढी."